जुन्या मोटारीचा बंपर बसवितांना

जुनी मोटार दुरुस्त करून तिला पूर्वीचें रूप आणण्याचा छंद आपल्याकडे आतां वाढूं लागला आहे. अमरावती किंवा अकोला येथील एखाद्या जुन्या वाड्याच्या आवारांत ताडपत्रीखालीं एक फियाट किंवा अँबॅसडर उभी असते. आजोबांनीं ती घेतली, वडिलांनीं चालविली, आणि नातवंडांना ती मोडींत घालवत नाहीं. एके दिवशीं घरांतलें कोणी तरी ताडपत्री बाजूस सारतें आणि कामास आरंभ होतो. इंजिन उतरतें, जुना रंग खरवडला जातो, गाद्या नव्या शिवल्या जातात. या सर्व खटाटोपांत बंपर अगदीं शेवटीं आठवतो. चार बोल्ट तर आवळावयाचे, त्यांत काय विशेष, असें म्हणून तो मुलाम्याला पाठविला जातो, परत येतो, आणि एखाद्या संध्याकाळीं घाईघाईनें गाडीला अडकविला जातो. दोन पावसाळे गेले, कीं त्या चकचकीत पट्टीवर तांबूस ठिपके दिसूं लागतात, आणि दोष मुलामा देणाऱ्याच्या माथीं बसतो.

हा दोष पुष्कळदां त्याचा नसतो, एवढेंच आज मला आपणांस सांगावयाचें आहे. बंपरचें आयुष्य त्याच्या दर्शनी बाजूवर ठरत नाहीं. तें ठरतें त्याच्या पाठीवर, आणि ज्या भोंकांतून बोल्ट जातात त्या भोंकांच्या कडांवर. वऱ्हाडांत तर यांत आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे आपलें पाणी. पण त्याकडे वळण्यापूर्वीं ही चकाकी म्हणजे काय प्रकार आहे तें पाहूं.

कल्हई आपल्या गृहिणींना चांगली ठाऊक आहे. तापलेल्या पितळी पातेल्यावर कथलाचा एक हात फिरला, कीं काम झालें. क्रोमचा मुलामा असा एकपदरी नसतो. पोलादी पट्टी प्रथम घासून गुळगुळीत करतात, तिच्यावर बहुधा तांब्याचा थर चढवितात, त्यावर निकेलचा, आणि सर्वांच्या वर क्रोमियमचा. आपणांस जी निळसर झांक दिसते ती या शेवटच्या थराची. परंतु तो जाड किती म्हणाल, तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा सुमारें तिसरा हिस्सा! माणसाचा केस याच्या दोनशेंपट जाड भरेल. निकेलचा थर त्या मानानें दांडगा. चांगल्या कामांत तो २० ते ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तितके हजारावे भाग, इतका असतो. पोलादाचें खरें रक्षण तोच करतो. क्रोमनें करावयाचें काम दोनच प्रकारचें: निकेलला पिवळें पडूं न देणें, आणि ओरखड्यांपासून त्याला जपणें.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यानें क्रोमियम हा धातु १७९७ सालीं शोधून काढला. मोटारींवर मात्र तो मुलामा म्हणून रूढ झाला १९२५ नंतरच्या पांच-सात वर्षांत. त्यापूर्वींच्या गाड्यांवर निकेलच असे आणि ड्रायव्हरला तें वरचेवर घासावें लागे. तेव्हां ज्या भाग्यवंताच्या घरीं त्याहून जुनी गाडी असेल, त्यानें तिला क्रोमचा मुलामा देऊं नये. तो शोभेलहि, पण खरा ठरणार नाहीं.

आतां गंजाची गोष्ट. क्रोमच्या थरांत डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य भेगा असतात. त्यांच्याखालीं निकेल सलग असेल तोंवर चिंता नाहीं. पण निकेललाहि कोठें टांचणीच्या अग्राएवढें छिद्र राहिलें आणि त्यांतून पाणी पोलादापर्यंत पोंचलें, तर निकेल, पोलाद आणि खारट पाणी यांचा मिळून एक विजेचा घटच तयार होतो. या घटांत झिजावयाचें तें पोलादानें. निकेलचा पृष्ठभाग सगळ्या बंपरभर पसरलेला आणि पोलाद उघडें तें एका बिंदूपुरतें. त्यामुळें भरसभेचा सगळा राग एकाच माणसावर निघावा तशी त्या बिंदूची अवस्था होते. वरून लहानसा ठिपका दिसतो, आंत खळगा पडत जातो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मुलाम्याच्या हौदांत विजेचा प्रवाह समोरच्या बाजूस सहज पोंचतो. मागील पोकळ बाजूस आणि वळलेल्या कडांच्या आंत तो नीट जात नाहीं. क्रोमच्या बाबतींत ही अडचण फारच मोठी आहे. त्यामुळें बंपरच्या पाठीवर क्रोम जवळजवळ नसतेंच आणि निकेलहि पातळ असतें. चाकांनीं उडविलेला चिखल व पाणी बसतें तें नेमकें या पाठीवर.

आणि तें पाणी कसलें? पूर्णा नदीच्या दोन्हीं अंगांना जो प्रदेश आहे त्याला आपण खारपाणपट्टा म्हणतों. अमरावती जिल्ह्यांतील दर्यापूर व भातकुलीकडचा, अकोला जिल्ह्यांतील अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर यांच्या बाजूचा, आणि पुढें बुलढाणा जिल्ह्याचाहि कांहीं भाग त्यांत मोडतो. तेथील भूगर्भांतलें पाणी खारट असल्यामुळें कित्येक गांवांना दूरच्या धरणांवरून नळानें पाणी आणावें लागलें. दर्यापूरला शहानूर धरणाचें पाणी येतें तें याच कारणानें. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचें आणि अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा धरणाचें गोडें पाणी मिळतें. परंतु नळाचें पाणी मोजकें, तें पिण्यासाठीं राखावयाचें, आणि गाडी धुवावयाची ती बोअरच्या पाण्यानें, असा पुष्कळ घरांचा शिरस्ता. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर गेला असतां बंपरवरचें हें पाणी पाहतां पाहतां वाळतें. वाळतें तें पाणी. मीठ तेथेंच राहतें. पुढच्या आठवड्यांत त्यावर नवा थर. मग मृगाचा पाऊस येऊन हवा दमट झाली, कीं सांठलेलें मीठ ओलावा ओढून घेऊं लागतें, आणि वर सांगितलेला विजेचा घट रात्रंदिवस चालूं होतो. मुंबईकर आपल्या खाऱ्या हवेला बोल लावतात, तें रास्तच आहे. आपल्यापासून समुद्र ४०० किलोमीटरांहून दूर, आणि आपण खारें पाणी बादलीनें आणून स्वतःच्या हातानें गाडीवर ओततों!

बंपर बसविण्याचें निम्में काम तो काढतांनाच होत असतें. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीं पातळ तेल सोडून ठेवावें. एवढ्यानें नट ढिला झाला नाहीं, तर मागून करवतीनें किंवा छिन्नीनें कापावा. गॅसच्या ज्योतीनें तापवूं नये, कारण आंचेनें मुलामा काळा-निळा पडतो. बोल्ट नवा मिळतो. जुना मूळचा बंपर मिळेलच असें नाहीं. प्रत्येक बोल्टामागें ब्रॅकेट आणि बंपर यांच्यामध्यें कांहीं जाड-पातळ वॉशर किंवा पत्र्याचे तुकडे आढळतील. गॅरेजमधील पोरें यांना कचरा समजून फेंकतात. वास्तविक तीच कारखान्यानें किंवा पूर्वींच्या एखाद्या हुशार मिस्त्र्यानें केलेली बारीक जुळणी असते. डावे-उजवे वेगवेगळे, निरनिराळ्या पुरचुंड्यांत बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवावे. ब्रॅकेट दिसावयास सारखे, पण पुष्कळदां डावा उजवीकडे चालत नाहीं. त्यांवरहि खूण करावी. मोबाईलवर चार छायाचित्रें घेतलीं तर फारच उत्तम.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात. बंपर मुलाम्यास पाठविण्यापूर्वीं, आणि गाडीला शेवटचा रंग देण्यापूर्वींहि, तो कच्चा गाडीवर बसवून पाहिला पाहिजे. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीनें केव्हां ना केव्हां बैलगाडीला, झाडाला किंवा फाटकाला धडक दिलेली असते. चॅसिसचें टोंक बोटभर वांकलेलें असतें, नाहीं तर ब्रॅकेट पिळलेला असतो. कच्च्या जुळणींत बंपरचें भोंक ब्रॅकेटच्या भोंकासमोर आपोआप आलें पाहिजे. येत नसेल, तर ब्रॅकेट सरळ करावा, डेंटरकडून चॅसिस तपासून घ्यावी, कमी पडेल तेथें वॉशर घालावा. पाना लावून बोल्टाच्या जोरावर बंपर ओढून आणणें ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट रीत आहे. असा ओढलेला बंपर कायम ताणाखालीं राहतो. क्रोम हें कठीण पण ठिसूळ. तें ताण सोसत नाहीं आणि भोंकाच्या भोंवतीं केसासारख्या रेघा उमटतात. पाणी शिरतें तें तेथूनच.

कोणता बंपर राखावा आणि कोणता टाकावा, याविषयीं दोन शब्द. आपल्याकडे बहुधा दोन घराण्यांच्या गाड्या सांपडतात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईंतील कुर्ला येथील कारखान्यांतून प्रथम डॉज व प्लिमथ या अमेरिकन गाड्या जुळवून निघाल्या, आणि नंतर फियाट. हिचेंच पुढें पद्मिनी असें नामकरण झालें. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. दुसरी अँबॅसडर, ती बंगालमध्यें उत्तरपाडा येथें २०१४ पर्यंत तयार होत होती. अँबॅसडरचे सुटे भाग अजून मिळतात. जुन्या फियाटचा आणि त्याहूनहि डॉज-प्लिमथचा बंपर मात्र गेला तो गेलाच समजावें. बाजारांत मिळणारी पातळ पत्र्याची नक्कल भोंकांशीं क्वचितच जुळते. गंज लागून आरपार छिद्रें पडलीं नसतील, तर माझ्या मतें मूळचाच बंपर ठोकून सरळ करून घ्यावा. न गंजणाऱ्या पोलादाचा नवा बंपर करवून घेणारेहि आहेत. रोज वापरावयाच्या गाडीला तो वाईट नाहीं. पण जुलै २०२१ मधील केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. तशी इच्छा असणाऱ्यानें मूळच्या वस्तु शक्य तितक्या जपाव्या, हें बरें.

मुलामा देणाऱ्याला काय सांगावें? जुना मुलामा पूर्ण उतरवून मग नवा द्यावा, जुन्यावरच चढवूं नये. घासतांना कडा व भोंकें झिजवूं नयेत. प्रत्येक घासणींत मूळचें पोलाद कमी होत असतें, आणि फाजील घासलेल्या बंपरची धार बोथट झालेली डोळ्यांना लगेच जाणवते. निकेलचा थर किती मायक्रॉन देणार, हें विचारण्यांत संकोच मानूं नये. १९३० च्या आसपासच्या गाड्यांचे बंपर स्प्रिंगच्या पोलादाचे असत. असें कठीण पोलाद आम्लांत व मुलाम्याच्या हौदांत हायड्रोजन वायु शोषून ठिसूळ होतें. म्हणून मुलाम्यानंतर थोड्याच तासांत सुमारें २०० अंश उष्णतेच्या भट्टींत तें कांहीं तास ठेवावें लागतें. आपला बंपर तशा पोलादाचा असेल, तर तें आगाऊ सांगितलेंच पाहिजे. घरच्या घरीं क्रोम चढविण्याचा मोह मात्र कोणी धरूं नये. त्या हौदांतील क्रोमिक आम्लानें कातडीला व्रण पडतात, त्याच्या वाफाऱ्यानें नाकाचा पडदा फुटतो, आणि तें कर्करोगाचेंहि कारण आहे. तें ओढ्यांत किंवा मोरींत सोडणें हा तर शेजाऱ्यांचाहि अपराध.

आतां बंपर परत आला, असें समजूं. तो पाहुण्यांना दाखविण्यापूर्वीं उलटा करावा. वळलेल्या कडांच्या आंत आम्लाचे थेंब दडलेले असतात. ते गोड्या पाण्यानें दोन-तीनदां धुवून बंपर उन्हांत खडखडीत वाळवावा. मग पाठीवर बारीक पॉलिश-कागद हलकेच फिरवावा, तेलकटपणा पुसावा, धातूला धरणारा अस्तराचा रंग द्यावा, आणि तो वाळल्यावर रुपेरी रंगाचे दोन हात. वळलेल्या कडांच्या आंत रंगाऐवजीं पातळ केलेलें मेण सोडलें तर तें कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतें. या कामाला एक दुपार लागते. गाडी पाहावयास येणारा कोणीहि याकडे पाहणार नाहीं. पण बंपर जो टिकेल तो याच दुपारच्या जोरावर.

पुढें भोंकें. जुन्या बंपरांचे बोल्ट बहुधा घुमटाकार माथ्याचे आणि मानेशीं चौकोनी असतात, म्हणजे नट आवळतांना बोल्ट फिरत नाहीं. मुलाम्याचा थर चौकोनी भोंकाच्या कोपऱ्यांत व कडेवर जरा अधिक सांचतो; त्यामुळें पूर्वीं सहज जाणारा बोल्ट आतां अडतो. येथें हातोडी उचलूं नये. एक बारीक कानस घेऊन ती पुढून मागें, फक्त एकाच दिशेनें, सांभाळून चालवावी. मागून पुढें ओढली, तर मुलाम्याची कड उचकटून ढलपी निघते. बोल्टाच्या माथ्याखालीं नायलॉनचा किंवा रबराचा पातळ वॉशर घालावा, म्हणजे धातु धातूवर घासत नाहीं. न गंजणाऱ्या पोलादाचे बोल्ट घेतले असतील, तर त्यांच्या आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय नट चढवूं नये. कोरडे आवळले कीं ते एकमेकांत रुतून बसतात.

बसवावयास दोन माणसें हवीं. एकट्यानें प्रयत्न केला, तर बंपरचें एक टोंक नव्या रंगाच्या मडगार्डाला लागणार हें ठरलेलेंच. मडगार्डावर जाड कांबळें टाकावें, कडेला चिकटपट्टीचे दोन-तीन पदर द्यावे, आणि हातांतली अंगठी, घड्याळ, कमरेचा पट्टा हीं काढून ठेवावीं. प्रथम ब्रॅकेट चॅसिसला लावावे, पण ढिले. मग बंपर टेकवून सर्व बोल्ट घालावे आणि सर्व नट हातानें फिरतील इतकेच चढवावे. एकहि नट या वेळीं पुरा आवळूं नये. आतां चार पावलें मागें जाऊन पाहावें. बोनेटच्या मध्यरेषेपासून दोन्हीं टोंकें सारख्या अंतरावर आहेत काय? मडगार्डापासून दोन्हींकडे सारखी फट आहे काय? गवंड्याची पाणसळ ठेवून पाहण्याची कित्येकांना संवय असते. पण अंगणच उतरतें असेल, तर पाणसळ खरें सांगूनहि फसवील. मोजावयाचें तें गाडीच्याच जाळीपासून व मडगार्डापासून. डॉज-प्लिमथसारख्या गाड्यांत शरीर चॅसिसवर रबराच्या गाद्यांवर बसलेलें असतें आणि चालतांना थोडें हालतें. तेथें बोटभर फट अवश्य ठेवावी. मनासारखें जुळलें, कीं एकदां डावा, एकदां उजवा, असे थोडे थोडे करीत नट आवळीत जावें. आवळतांना फट बदलूं लागली, तर समजावें कीं कोठें तरी वॉशर कमी आहे. थांबून तो घालावा.

अमेरिकन गाड्यांच्या बाबतींत आणखी सावधगिरी हवी. त्यांतील पुष्कळांचा जॅक बंपरलाच लागतो, म्हणजे चाक बदलतांना गाडीचा भार या बोल्टांवर येतो. तेथें बाजारी हलका बोल्ट चालणार नाहीं; आणि कितीहि चांगला बोल्ट असला, तरी जुन्या बंपरवर उचललेल्या गाडीखालीं कोणीं हात किंवा पाय घालूं नये. कांहीं गाड्यांत मागील नंबर-पाटीचा दिवा बंपरवर असतो आणि त्याची विजेची परतीची वाट ब्रॅकेटमधूनच जाते. आपण सर्वत्र छान रंग दिला, कीं दिवा लागत नाहीं आणि वायरमन बिचारा तार शोधीत बसतो. एका बोल्टाखालचा रंग खरवडून तेथें ग्रीस लावावें, म्हणजे झालें. बंपरवरचीं उभीं शिंगें, ज्यांना ओव्हररायडर म्हणतात, त्यांच्या बुडाशीं रबराची गोट घालावयास विसरूं नये. बंपरच्याहि पुढें लोखंडी नळ्यांचा कठडा लावण्याची आपल्याकडे जी आवड आहे, तिच्याविषयीं मी अधिक बोलत नाहीं. डिसेंबर २०१७ मध्यें केंद्र सरकारनें असे कठडे बेकायदेशीर असल्याचें राज्यांना कळविलें आहे, आणि त्यासाठीं जुन्या बंपरला नवीं भोंकें पाडणें तर माझ्यानें पाहवणारहि नाहीं.

अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी पट्टा अंथरून जागतिक विक्रम झाला, हें आपण ऐकलें असेल. गाडीची पहिली फेरी अशा रस्त्यावर सुखाची होते. पण आंतल्या गांवच्या रस्त्यांवर खडखडाट आहेच. शे-दीडशें किलोमीटर गाडी चालल्यावर नवा रंग व रबर दबून नट थोडे सैल पडतात. तेव्हां पुन्हां एकदां पाना फिरवावा. उडालेलें डांबर रॉकेलच्या बोळ्यानें निघतें.

रोजच्या निगेला फारसें कांहीं लागत नाहीं. राख, विटेची भुकटी, तारेचा काथ्या यांपैकीं कांहींहि क्रोमला लावूं नये. चिंच आणि लिंबू तांब्या-पितळेला उत्तम, येथें वर्ज्य. बारीक तांबूस ठिपके आलेच, तर स्वयंपाकघरांतील ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद गोड्या पाण्यांत भिजवून हलक्या हातानें चोळावा. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ, त्यामुळें ओरखडा पडत नाहीं आणि गंज निघून येतो. मग कोरडें करून मेणाचा हात द्यावा. गाडी बोअरच्या पाण्यानें धुतल्यावांचून गत्यंतर नसेल, तर शेवटची एक बादली तरी नळाच्या पाण्याची असावी, बंपरच्या पुढून आणि मागूनहि ओतलेली, आणि तें पाणी उन्हांत वाळण्याची वाट न पाहतां लगेच कापडानें टिपलेलें.

पोळ्याच्या सुमारास, पावसाचा जोर ओसरला असतां, आपल्याकडे बैलांना न्हाऊं घालून त्यांचीं शिंगें रंगवितात. त्याच आठवड्यांत गाडीजवळ खालीं बसून बंपरच्या पाठीवरून एकदां बोटें फिरवावीं. बोटांना चिखलाची साय लागली तर ती धुवून काढावी. रंगाला फोड आलेला लागला, तर तेवढाच भाग खरवडून, वाळवून, त्यावर पुन्हां अस्तर आणि रुपेरी रंगाचा हात द्यावा.